एल म्हणजे नेमके किती? तयार कपड्यांची मापे आणि सांगलीतली खरेदी

कृष्णाकाठ_सांगली

सांगलीत मारुती रोडवर किंवा कापड पेठेत तयार कुर्ता घ्यायला गेलेल्या बाईला पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘साइज कोणती?’ हा, आणि खात्रीने उत्तर देता येत नाही असाही तोच एक प्रश्न असतो. एका कंपनीचा एम अंगाला सैल होतो, दुसरीचा एक्सएल दंडात अडकतो, आणि तिसरीच्या कपड्याला लेबलावर काहीही लिहिलेले असले तरी तो अंगावर चढवल्याशिवाय काही सांगता येत नाही.

अलीकडेच एका दुकानातून मी एकाच कंपनीचे, एकाच बेताचे दोन कुर्ते आणले. फरक फक्त रंगाचा होता आणि दोन्हींवर ‘एल’ लिहिलेले होते. घरी दोन्ही पलंगावर सपाट पसरून काखेपासून काखेपर्यंत टेप लावली. निळा साडेएकोणीस इंच भरला, म्हणजे छातीचा घेर ३९. मरून रंगाचा एकवीस, म्हणजे ४२. खांद्यात अर्ध्या इंचाचा फरक होता आणि निळ्याचा मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, इतका वर कापलेला होता, की हात उचलला की पाठीचे कापड ताणले जात होते. दोन्ही लेबलांवर इंच किंवा सेंटिमीटर यांपैकी काहीही छापलेले नव्हते. बदलून घ्यायला गेल्यावर ‘ताई, या कापडाचं असंच असतं, एक नंबर मोठा घ्या’ एवढेच उत्तर मिळाले. तो मोठा नंबर त्या रंगात शिल्लक नव्हता.

हा प्रश्न मला किरकोळ वाटत नाही. आपण किलोभर तूरडाळ घेतो तेव्हा ती कोणत्याही दुकानात किलोभरच असते आणि वजनात खोट निघाली तर जाब विचारता येतो. कपड्याला मात्र शेकड्यांनी, प्रसंगी हजारांनी पैसे मोजून आपण एक अक्षर विकत घेतो आणि त्या अक्षराला कोणीही बांधील नसते. त्याहून वाईट म्हणजे कपडा बसला नाही की दोष अंगाला दिला जातो. ‘अंग वाढलंय तुमचं’ असे विक्रेता सहज बोलून जातो. कॉलेजात जाणाऱ्या मुली तर त्या तीन एक्सच्या लेबलाने इतक्या खचतात, की मापाला येणारा कपडासुद्धा परत ठेवून देतात. मी हे माझ्या घरात पाहिले आहे आणि मला त्याचा मनापासून राग येतो.

या बाबतीत काही नियम आहे का, दुकानदारांची अडचण नेमकी काय आहे आणि आपण ग्राहक म्हणून काय करू शकतो, यावर जाणकारांनी लिहावे अशी विनंती आहे.

मिरजेचा_टेलर

ताई, तुम्ही टेप लावून पाहिलीत हे फार बरे केलेत. मी पस्तीस-चाळीस वर्षे शिवणकाम केले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

शिंप्याकडे माप घेताना छाती, कंबर, सीट (नितंबाचा घेर), खांदा, मुंढा, बाही, दंडाचा घेर, गळा आणि उंची इतकी मापे निदान घ्यावीच लागतात. तयार कपड्यात यांपैकी एकाच मापावरून, बहुतेक वेळा छातीवरून, बाकीची सगळी मापे हिशेबाने काढलेली असतात. छाती सदतीस इंच असलेल्या दोन बायका शेजारी उभ्या केल्या, तर एकीचा खांदा चौदा इंच आणि दुसरीचा पंधरा असू शकतो. एकीची सीट चाळीस आणि दुसरीची त्रेचाळीस भरते. शेतात खुरपणी-भांगलणी करणाऱ्या बाईचा दंड आणि पाठ भरलेली असते, पण छातीचे माप तेच राहते. त्यामुळे कारखान्याने कितीही प्रामाणिकपणे कापले, तरी एका अक्षरात सगळी अंगे मावणार नाहीत, हे आधी समजून घ्यायला हवे.

दुसरी गोष्ट ढिलाईची. छत्तीस छातीच्या अंगाला छत्तीसचाच कुर्ता शिवला तर तो अंगात जाणार नाही, गेला तर श्वास घेता येणार नाही. सुती कुर्त्याला आम्ही दोन ते चार इंच ढील देतो. लायक्रा, म्हणजे ताणला जाणारा धागा, मिसळलेल्या कापडाला त्याहून कमी पुरते. ढील किती द्यायची हे ज्याने त्याने आपापल्या मनाने ठरवायचे असते, आणि दोन कंपन्यांच्या ‘एल’मधला बराचसा फरक तिथेच पडतो.

तिसरी गोष्ट कपडा उलटा करून पाहायची. शिंप्याने शिवलेल्या ब्लाउजच्या कडेला आत इंचभर किंवा त्याहून जास्त माया, म्हणजे शिलाईबाहेर राखलेले कापड, दुमडलेली दिसेल. शिलाई उसवली की तो दोन-तीन वर्षे अंगाबरोबर वाढतो. तयार कुर्त्याच्या आत ओव्हरलॉकची टीप दिसेल आणि टिपेबाहेर जेमतेम पाव इंच कापड, कारण ओव्हरलॉकचे मशीन शिवता शिवता जास्तीचे कापड कापूनच टाकते. असा कपडा आत घेता येतो, पण बाहेर सोडता येत नाही. म्हणून दोन मापांमध्ये शंका असेल तर मोठाच घ्यावा. तुमच्या निळ्या कुर्त्याचा मुंढा मात्र दुरुस्त होईल असे मला वाटत नाही. काखेत चौकोनी जोड देता येतो, पण तो बाहेरून दिसतो.

विश्रामबाग४१६४१५

पुरुषांचे कपडेही यातून सुटलेले नाहीत. ऑफिसात घालायच्या शर्टावर ३९, ४०, ४२, ४४ असे आकडे असतात, आणि पुष्कळ लोक त्यांना छातीचे इंच समजतात. प्रत्यक्षात त्यांतले बहुतेक आकडे कॉलरचे, म्हणजे गळ्याचे सेंटिमीटर असतात. ३९ हा आकडा दिसला की तो गळ्याचाच समजावा. गळ्यावरून शर्ट निवडला की छाती आणि पोट कंपनीच्या अंदाजावर राहते, आणि ४२ नंबरच्या स्लिम फिट व रेग्युलर फिट शर्टांच्या पोटात काही इंचांचा फरक निघतो. टी-शर्टावर पुन्हा अक्षरे येतात. जीन्सवर लिहिलेली ३२ कंबर टेपने मोजली तर चौतीस भरते, कारण ती पँट कमरेवर बसत नाही, खाली नितंबाच्या हाडावर बसते आणि तिथला घेर मोठा असतो.

याउलट बनियन पाहा. त्यावर ८५, ९०, ९५ असे छातीचे सेंटिमीटर लिहिलेले असतात आणि कोणत्याही गावातला माणूस दुकानात जाऊन ‘नव्वदचा द्या’ म्हणतो. त्याला ट्रायल रूम लागत नाही. जे सर्वांत स्वस्त कपड्याला जमते ते हजार रुपयांच्या कुर्त्याला का जमू नये, हे मला कळत नाही.

कापडपेठेतला_दुकानदार

नमस्कार. आमचे दुकान वडिलांच्या काळापासून आहे. ताईंचा राग रास्त आहे, पण दुकानदाराची बाजूही वाचकांसमोर यावी म्हणून लिहीत आहे.

आमच्याकडे माल एका ठिकाणाहून येत नाही. होजिअरी तिरुपूरची, कुर्ती अहमदाबाद, सुरत आणि मुंबईची, शाळेचे गणवेश बरेचसे सोलापूरचे. प्रत्येक ठिकाणच्या कटिंग मास्तरचा साचा वेगळा असतो. घाऊक व्यापारी माल सेटमध्ये देतो: एका रंगात एम, एल, एक्सएल, डबल एक्सएल असे एकेक नग. सांगलीत एल आणि एक्सएल आधी संपतात, पण फक्त तेवढेच मागवायची सोय नसते. पूर्ण सेट उचलावा लागतो आणि शेवटी कट साइजचा, म्हणजे सेट मोडून उरलेल्या मापांचा, माल अंगावर पडतो. मोठ्या अंगाच्या ग्राहकांसाठी तीन किंवा चार एक्सएल ठेवायला आम्ही तयार असतो, पण पुष्कळ कंपन्या ते बनवतच नाहीत आणि ज्या बनवतात त्या जास्त दर लावतात.

बदलून देण्याबाबत सांगायचे, तर दिवाळीच्या किंवा लग्नसराईच्या गर्दीत घरी नेऊन घातलेला, अत्तर लागलेला कपडा परत येतो आणि तो पुढे कोणाला विकता येत नाही. त्यामुळे आम्ही कडक होतो. मात्र अंगावरून शेरे मारणारा नोकर मी माझ्या दुकानात ठेवणार नाही, हे येथे स्पष्ट लिहितो.

विट्याची_लेक

मी मूळची विट्याची असून सध्या इचलकरंजीजवळच्या एका गारमेंट युनिटमध्ये कटिंगच्या विभागात पर्यवेक्षक आहे. एकाच कंपनीच्या दोन ‘एल’मध्ये फरक कसा पडतो, याचे उत्तर आमच्या टेबलावर सापडते.

नमुन्याचा कपडा बहुधा एम मापात तयार होतो. तो मंजूर झाला की पॅटर्न मास्तर त्यावरून वरची आणि खालची मापे काढतो. छातीत साधारणपणे दर मापाला दोन इंच वाढवले जातात. पण अंग सगळीकडून सारख्या प्रमाणात वाढत नसते. खांदा छातीच्या मानाने फारच कमी वाढतो, म्हणून हिशेब नुसता आकड्यांनी केला की डबल एक्सएलचा खांदा दंडावर लोंबतो. ज्या युनिटमध्ये मोठ्या मापाचा वेगळा नमुना शिवून जिवंत माणसावर पाहतात, तिथले मोठे कपडे चांगले बसतात, पण त्यात वेळ आणि पैसा जातो.

त्यानंतर कापडाचे थर टेबलावर पसरले जातात आणि शंभर-शंभर थर एकदम कापले जातात. कापड गठ्ठ्यातून उलगडल्यावर त्याला काही तास मोकळे पडू द्यावे लागते, विशेषतः लायक्राच्या आणि विणीच्या कापडाला. घाईत हे टाळले की ताणलेले कापड कापले जाते, आणि कापून झाल्यावर ते आखडते. कटरची पाती किंचित कलली तर वरचा थर आणि तळाचा थर यांत फरक पडतो. मग तेच तुकडे जॉबवर्कला, म्हणजे बाहेर मजुरीवर शिवायला, दोन-तीन ठिकाणी जातात. एका ठिकाणी शिलाईत पाव इंच धरतात, दुसऱ्या ठिकाणी तीन सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). कपड्याच्या दोन्ही बाजूंना मिळून चार कडा असतात, त्यामुळे एवढ्याशा फरकानेच छातीत अर्धा इंच जातो. तपासणीत अर्धा ते एक इंच इकडे-तिकडे चालवून घेतले जाते. ताईंच्या दोन कुर्त्यांत तीन इंचांचा फरक आहे. तो या मर्यादेत बसत नाही. दोन रंगांचा माल दोन वेगळ्या साच्यांवर कापला गेला असावा किंवा लेबलांची अदलाबदल झाली असावी. लेबल शिवणाऱ्या बाईच्या समोर सगळ्या मापांच्या लेबलांचे पुडे एकत्र असले की हे सहज घडते, आणि तिला नगावर पैसे मिळत असल्याने थांबून मोजायला सवड नसते.

जतवरून

जत तालुक्यातल्या आमच्यासारख्यांनी काय करावे? सांगलीला जायचे तर एसटीने दोन-अडीच तास लागतात आणि दिवस मोडतो. म्हणून ऑनलाइन मागवतो. तिथे साइज चार्ट दिलेला असतो हे खरे, पण त्यातली छाती अंगाची की कपड्याची हे लिहिलेले नसते. परत पाठवायचे म्हटले तर आमच्या वाडीवर परत न्यायला कोणी येत नाही. शेवटी तो कपडा बहिणीला किंवा भावजयीला दिला जातो. जूनमध्ये मुलांच्या गणवेशाचाही हाच ताप असतो. एकाचा नंबर वयावर, दुसऱ्याचा उंचीवर, तिसऱ्याचा छातीवर. आणि मूल बरोबर नेल्याशिवाय काही घेता येत नाही.

कृष्णाकाठ_सांगली

सर्वांचे आभार. दुकानदार दादांची अडचण मला पटली, परंतु एक मुद्दा सोडवत नाही. साचा वेगळा असणे मी समजू शकते. माझी तक्रार त्याबद्दल नाही. साचा कोणताही असो, त्यातून निघालेल्या कपड्याची छाती किती आहे हे छापायला काय हरकत आहे? विट्याच्या ताईंच्या लिहिण्यावरून दिसते, की कारखान्यात ते माप ठरलेलेच असते. ते कारखान्याला माहीत आहे, व्यापाऱ्याला विचारता येते, आणि ज्याने पैसे मोजायचे त्याच्यापासून तेवढे लपून राहते. जतच्या ताईंसारख्यांचा दिवस, गाडीभाडे आणि पैसे या एका न छापलेल्या आकड्यापायी जातात.

ग्राहकहित_जिल्हा_सांगली

धागाकर्त्या ताईंनी नियमाबद्दल विचारले आहे. नियम आहे, आणि तो त्यांच्या मागणीच्या बाजूचा आहे.

पाकिटात बंद करून विकल्या जाणाऱ्या वस्तूंना वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ लागू होतात आणि ज्या वस्तूंच्या बाबतीत आकार महत्त्वाचा आहे त्यांच्या पाकिटावर तो आकार देणे त्यात अपेक्षित आहे. सुट्या किंवा उघड्या स्वरूपात विकले जाणारे तयार कपडे व होजिअरी यांना २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने अनेक मजकुरांतून सूट दिली. मात्र चार गोष्टी कायम ठेवल्या: उत्पादक, विक्रेता किंवा आयातदाराचे नाव व पत्ता, ग्राहक तक्रारीसाठी ई-मेल आणि दूरध्वनी, कमाल किरकोळ किंमत, आणि माप. मापाबद्दलची अट नीट वाचण्यासारखी आहे. एस, एम, एल, एक्सएल अशी सर्वत्र ओळखली जाणारी अक्षरे द्यायची आहेत, आणि त्यांच्याबरोबर सेंटिमीटर किंवा मीटरमधला तपशीलही द्यायचा आहे. नुसते ‘एल’ पुरेसे नाही.

असे लेबल आढळले तर त्याचे आणि बिलाचे छायाचित्र काढून ठेवावे. वैधमापन शास्त्र विभागाकडे तक्रार करता येते, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक मोफत आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष वस्तू बिलात नमूद मुदतीत, आणि बिलात मुदत नसेल तर ३० दिवसांत, परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. कपडा आवडला नाही म्हणून हे कलम वापरता येणार नाही. पण लेबलावर छातीचे १०७ सेंटिमीटर छापलेले आहेत आणि कपडा ९९ भरतो, अशा वेळी ग्राहकाची बाजू भक्कम होते. आकडा छापलेलाच नसेल तर खोट सिद्ध करायला काही उरत नाही, आणि माझ्या मते आकडा टाळण्यामागे पुष्कळांचा हाच हिशेब असतो. बिल घेतल्याशिवाय यातले काहीही करता येत नाही, एवढे लक्षात असू द्यावे.

अजिंक्यतारा_सातारा

साताऱ्याच्या खणआळीत आणि मोती चौकात याहून वेगळे चित्र नाही. जतच्या ताईंनी विचारलेला प्रश्न मात्र सर्वांत महत्त्वाचा आहे: छापायचे ते माप अंगाचे की कपड्याचे?

चीनमधल्या कपड्यांवर १६०/८४ए असा संकेत दिसतो. त्यातला १६० म्हणजे घालणाऱ्याची उंची, ८४ म्हणजे तिच्या छातीचा घेर, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. ‘ए’ हे अक्षर छाती आणि कंबर यांच्यातल्या फरकावरून अंगाची ठेवण सांगते. हे अंगाचे माप आहे. ढील किती द्यायची हे बनवणाऱ्याने ठरवायचे, ग्राहकाने फक्त स्वतःचे अंग ओळखायचे. अमेरिकेत १९३९-४० मध्ये सुमारे १५,००० स्त्रियांची प्रत्येकी ५९ मापे घेऊन १९५८ साली मापांचे प्रमाण ठरवले गेले, परंतु ते पाळणे सक्तीचे नव्हते, लोकांची अंगे बदलत गेली, आणि १९८३ मध्ये ते मागे घेण्यात आले. त्यानंतर तिथल्या कंपन्यांनी मोठ्या अंगाला लहान आकडा देऊन ग्राहकाला खूश करण्याचा मार्ग धरला. आपल्याकडे निफ्ट (राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था) आणि वस्त्रोद्योग मंत्रालयाने ‘इंडियासाइज’ हा प्रकल्प हाती घेतला, त्यात १५ ते ६५ वयोगटातील २५,००० लोकांची मापे त्रिमिती स्कॅनरने घ्यायचे ठरले. केंद्रे मात्र मुंबई, दिल्ली, कोलकाता, हैदराबाद, बंगळुरू आणि शिलाँग अशी सहा शहरे. मिरजेच्या काकांनी वर्णन केलेली भरल्या पाठीची शेतकरी बाई त्या मोजणीत किती प्रमाणात आली असेल, अशी शंका मला वाटते.

मिरजेचा_टेलर

सातारकरांशी सहमत, पण शिंपी म्हणून सांगतो की दुकानात उभ्या असलेल्या ग्राहकाला कपड्याचे माप जास्त उपयोगाचे. अंगाचे माप घरी कोणी नीट घेत नाही. बायका पदरावरून टेप लावतात, पुरुष पोट आत ओढतात. कपडा मात्र सपाट पसरला की खोटे बोलत नाही.

कृष्णाकाठ_सांगली

माझ्या मते दोन्ही छापावेत. ‘अंगाची छाती ९२, कपड्याची छाती १००’ एवढ्या दोन आकड्यांनी ढील किती दिली आहे हेही कळते, आणि अक्षर कोणते आहे याला महत्त्व उरत नाही. एक्सच्या लेबलाने खचणाऱ्या मुलींसाठी तर मला हे फार गरजेचे वाटते; ९२ हा नुसता आकडा आहे, त्यात कोणी मोठे किंवा जास्तीचे ठरत नाही.

कापडपेठेतला_दुकानदार

कंपन्या छापतील तेव्हा छापतील. मी एवढे करू शकतो की नवा माल उघडताना प्रत्येक मापाचा एकेक नग पसरून छाती, खांदा आणि उंची मोजायची आणि रॅकवरच्या पुठ्ठ्यावर लिहायची. काउंटरला टेपही बांधून ठेवतो. यापुढे घाऊक व्यापाऱ्याकडे सेंटिमीटरचे लेबल असलेलाच माल मागेन. एकट्याच्या मागणीने त्याला फरक पडणार नाही, म्हणून पेठेतल्या इतरांशीही बोलतो. फक्त विट्याच्या ताईंनी लिहिल्याप्रमाणे एका नगावरून दुसऱ्याची खात्री देता येणार नाही.

विट्याची_लेक

प्रत्येक रंगाचा एक नग मोजा, दादा. रंग बदलला की बहुतेक वेळा कापडाचा तागा बदलतो आणि कापणीचा दिवसही. मापाएवढाच रंगावरून फरक पडतो.

जतवरून

दादा, त्या पुठ्ठ्याचे छायाचित्र व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवाल का? म्हणजे आम्ही यायच्या आधी ठरवू शकू. आणि काका, घरचा नीट बसणारा कुर्ता कसा मोजायचा, तेही लिहा.

कापडपेठेतला_दुकानदार

जरूर पाठवीन, ताई.

मिरजेचा_टेलर

कुर्त्याची बटणे लावून तो टेबलावर किंवा फरशीवर पसरा, पलंगाच्या गादीवर नको. सुरकुत्या हाताने मोडा, पण कापड ओढू नका. काखेच्या शिलाईखाली एक इंच सोडून या कडेपासून त्या कडेपर्यंत मोजा आणि दुप्पट करा, ती छाती. खांदा पाठीकडून, एका बाहीच्या जोडापासून दुसऱ्या बाहीच्या जोडापर्यंत. मुंढा मोजताना टेप तिच्या कडेवर उभी धरून खांद्याच्या जोडापासून काखेपर्यंत बाहीच्या शिलाईवरून वळवत न्या. सीटचे माप काखेपासून नव्हे, बाजूचा कट जिथे सुरू होतो तिथे घ्या, कारण बसताना कुर्ता तिथेच फाटतो. हे चार आकडे सेंटिमीटरमध्ये लिहून पाकिटात ठेवा. मोजायचा कुर्ता दोन-तीनदा धुतलेला असावा. नवा रेयॉनचा असेल तर दुकानातल्या मापातून लांबीत इंच-दीड इंच कमी धरा, तो पहिल्या धुण्यात आटतो.